क्रमांक मागणाऱ्याने कारण सांगावे

खरिपाचे धान खळ्यावरून घरात येऊ लागले, की भंडारा जिल्ह्यातील शेतकरी सातबाराचा उतारा, आधारपत्र आणि बँकेचे पासबुक पिशवीत घालून आधारभूत खरेदी केंद्रावर नाव नोंदवायला निघतो. आणि या तीन दस्तऐवजांच्या जोडीला त्याच्याकडून चौथी एक गोष्ट मागितली जाते, जिच्यावर कोणत्याही कचेरीचा शिक्का नसतो, कोणाची सही नसते, आणि जी सांगताना तो क्षणभरही थांबत नाही. ती म्हणजे त्याचा दहा अंकी मोबाइल क्रमांक. खरेदी केंद्रावर तो मागितला जावा हे रास्तच आहे. धान केव्हा आणावे, चुकारे खात्यात जमा झाले की नाही, याचा निरोप धाडायला केंद्राजवळ दुसरे साधन नाही. परंतु त्याच आठवड्यात तोच क्रमांक कापडाच्या दुकानात बिल करताना, मोफत हवामान-अंदाज देणारे ॲप उघडताना, मुलाने उतरवून घेतलेल्या एखाद्या खेळाच्या पहिल्याच पडद्यावर, आणि ‘पाच मिनिटांत कर्ज’ अशी ग्वाही देणाऱ्या कोणा अनोळखी पेढीच्या चौकटीतही मागितला जातो. आणि तितक्याच निःशंकपणे दिलाही जातो. पहिल्या मागणीला कारण आहे. उरलेल्यांना बहुधा लोभाखेरीज कारण नाही. या दोहोंतला भेद ओळखण्याचे ओझे आपण आजवर देणाऱ्याच्या शिरावर ठेवले. ते मागणाऱ्याच्या शिरावर गेले पाहिजे, एवढेच या लेखाचे म्हणणे आहे.

यावर एक आक्षेप सहज सुचतो, आणि तो बिनबुडाचा नाही. टेलिफोन खात्याची जाडजूड डिरेक्टरी ज्यांनी पाहिली आहे ते म्हणतील, की त्या काळी वर्गणीदाराचे नाव, पत्ता आणि क्रमांक सरकार स्वतःच छापून वाटीत असे, आणि त्या यादीत आपले नाव असणे हे प्रतिष्ठेचे लक्षण मानले जाई. मग आजच ही गुप्ततेची चिंता कशासाठी? उत्तर असे, की त्या क्रमांकाने दिवाणखान्यातील एक घंटी वाजत असे, त्यापलीकडे काहीही उघडत नसे. ३१ जुलै १९९५ रोजी ज्योती बसू यांनी कलकत्त्याहून केंद्रीय दळणवळण मंत्री सुखराम यांच्याशी या देशातील पहिले मोबाइल संभाषण केले, तेव्हाही त्या क्रमांकाचे काम बोलणे जोडून देण्यापुरतेच होते. पुढील तीस वर्षांत कोणत्याही विधिमंडळात ठराव न होता, कोणाची रीतसर संमती न घेता, त्या बोलण्याच्या साधनाचे रूपांतर ओळखपत्रात, सहीत आणि तिजोरीच्या किल्लीत झाले. आज बँकेचे खाते, आधार, यूपीआय, पीएम-किसानची नोंद, १५ ऑगस्ट २०२१ पासून सुरू झालेली ई-पीक पाहणी, या साऱ्यांचे दार त्याच दहा अंकांवर आलेल्या ओटीपीने उघडते. जी वस्तू इतकी दारे उघडते, ती डिरेक्टरीतल्या क्रमांकाच्या जुन्या मोकळेपणाने वाटीत सुटणे ही आता केवळ सवय राहिली आहे, आणि सवय हे समर्थन होऊ शकत नाही.

ॲपवाल्यांना हाच क्रमांक एवढा प्रिय का, याचाही विचार केला पाहिजे. ई-मेलचे पत्ते माणूस हवे तितके काढतो आणि टाकतो. सिमकार्ड मात्र कागदपत्रांची खातरजमा होऊनच मिळते, म्हणून त्यामागे खरा माणूस असतो. शिवाय २०११ च्या जानेवारीत कंपनी बदलूनही क्रमांक कायम ठेवण्याची सोय देशभर झाल्यापासून माणसे आपला क्रमांक वर्षानुवर्षे बदलीत नाहीत. एकमेव आणि दीर्घायुषी अशी ही खूण ज्याच्या हाती येते, त्याला तुमच्याविषयीच्या चार ठिकाणच्या तुटक नोंदी एका दोऱ्यात ओवता येतात: या दुकानात खताची पावती, त्या ॲपवर औषधाची विचारणा, तिसरीकडे कर्जाचा अर्ज. क्रमांक पैसे पाठविण्याच्या ॲपमध्ये टाकला की खातेदाराचे बँकेतील नाव पडद्यावर उमटते, हे तर आज शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. म्हणजे ज्याला केवळ क्रमांक ठाऊक होता त्याला आता नावही कळले, आणि नावानिशी फोन करणाऱ्या भामट्यावर विश्वास ठेवणे किती सोपे असते, हे सांगायला नको.

जगातील नामांकित कंपन्यांचे वर्तनही या बाबतीत भरवसा ठेवण्याजोगे निघालेले नाही. ट्विटरने आपल्या सभासदांकडून ‘खात्याच्या सुरक्षिततेसाठी’ म्हणून क्रमांक घेतले आणि ते जाहिरातदारांच्या सेवेला जुंपले, या आरोपावरून अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने मे २०२२ मध्ये त्या कंपनीकडून पंधरा कोटी डॉलर दंड वसूल केला. त्याच्या आदल्या वर्षी, एप्रिल २०२१ मध्ये, फेसबुकच्या त्रेपन्न कोटींहून अधिक सभासदांचे क्रमांक आणि इतर तपशील इंटरनेटवर उघड्यावर पडलेले आढळले, आणि त्यांत भारतीयांची संख्या साठ लाखांच्या घरात होती. सुरक्षिततेच्या नावाने घेतलेली वस्तू विक्रीला निघते आणि कुलपात ठेवलेली चव्हाट्यावर येते, असा जर जगातील सर्वांत श्रीमंत पेढ्यांचा अनुभव असेल, तर गल्लीतल्या दुकानाच्या संगणकात किंवा नावगाव नसलेल्या ॲपच्या दप्तरात आपला क्रमांक सुखरूप राहील असे मानणे हा भाबडेपणा ठरेल.

इथवरचे विवेचन पुण्या-मुंबईच्या वाचकालाही लागू पडेल. पण वैनगंगेच्या काठच्या गावांत या प्रश्नाला दुसरी एक बाजू आहे, आणि शहरी उपदेशकांच्या नजरेतून ती हमखास निसटते. शहरातील माणसाला सांगितले जाते, की तुझा क्रमांक फार ठिकाणी देऊ नकोस. लाखांदूर किंवा पवनी तालुक्यातील कित्येक खातेदारांची अडचण याच्या उलट आहे: जिथे स्वतःचा क्रमांक असलाच पाहिजे, तिथे दुसऱ्याचा नोंदला गेलेला आहे. म्हाताऱ्या आईच्या बँक खात्याला नागपूर-पुण्याकडे कामाला गेलेल्या मुलाचा क्रमांक जोडलेला असतो. ज्याच्याजवळ फोनच नव्हता त्याच्या अर्जावर सेतू केंद्र चालविणाऱ्याने, काम अडू नये या सद्‌हेतूने का होईना, आपलाच क्रमांक लिहिलेला असतो. ई-पीक पाहणीत एका मोबाइलवरून अनेक खातेदारांची नोंद करण्याची मुभा असल्याने शेजारच्या तरुणाच्या फोनवर अर्ध्या वस्तीचे सातबारे येऊन बसतात. मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेत २०२५ च्या सप्टेंबरपासून ई-केवायसी सुरू झाली, तेव्हा लाभार्थी स्त्रीच्याच नव्हे तर तिच्या पतीच्या किंवा वडिलांच्या आधाराशी जोडलेल्या क्रमांकावरही ओटीपी मागितला गेला. आणि ज्यांचे पती व वडील दोघेही हयात नव्हते, अशा स्त्रियांपुढे यंत्राने जो प्रश्न उभा केला त्याचे उत्तर त्यांच्याजवळ नव्हते. हक्काचा पैसा आणि माणूस यांच्यामध्ये क्रमांक असा पहारेकऱ्यासारखा उभा राहिला, की तो कोणाच्या खिशात आहे हा घरगुती प्रश्न न राहता अधिकाराचा प्रश्न होतो.

त्यात भर पडते ती बंद पडलेल्या क्रमांकाची. मोबाइलचे रिचार्ज ही आता गरीब घराच्या मासिक खर्चातली ठसठशीत बाब झाली आहे. घरात दोन-तीन सिम असली तर एखादे महिनोन् महिने कोरडेच राहते आणि शेवटी रद्द होते. रद्द झालेला क्रमांक निदान नव्वद दिवस दुसऱ्या कोणाला दिला जात नाही, ही बाब नोव्हेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही नमूद केली. मात्र त्या मुदतीनंतर तो एखाद्या परक्या माणसाच्या नावे रुजू होऊ शकतो. मधल्या काळात बँकेतून, व्हॉट्सॲपवरून, आधारातून तो काढून घेतला नसेल, तर आपल्या खात्याचे निरोप त्या परक्याच्या फोनवर वाजू लागतात. तो परका प्रामाणिक निघाला तर आपले नशीब. म्हणून क्रमांकाचे रक्षण म्हणजे केवळ तो लपविणे, ही समजूत अपुरी आहे. नको तिथून काढून घेणे आणि हवा तिथे आपलाच असल्याची खात्री करणे, अशी दोन्ही कामे त्यात येतात.

या साऱ्या व्यवहाराचे सर्वांत हिडीस रूप कर्ज देणाऱ्या बेकायदा ॲपांत दिसले. रोवणीच्या दिवसांत मजुरीला आणि खताला रोख रक्कम हवी असते, सोसायटीचे कर्ज वेळेवर हाती येईलच असे नसते, आणि फोनवर पाच-दहा हजारांची जाहिरात झळकते. अर्जदाराचा क्रमांक तर ते ॲप घेतेच, पण त्याच्या फोनमधील सर्व क्रमांकांची यादीही उचलते. आणि हप्ता चुकला की मुलीच्या सासरी, गावच्या पोलीस पाटलाकडे, मुलाच्या शिक्षकाकडे तगादा सुरू होतो. रिझर्व्ह बँकेने २ सप्टेंबर २०२२ च्या निर्देशांनी कर्जाच्या ॲपांना फोनमधील क्रमांकांची यादी, संभाषणांची नोंद आणि छायाचित्रे यांना हात लावण्यास मज्जाव केला, आणि २०२३ मध्ये गूगलनेही आपल्या दुकानातील अशा ॲपांना तीच बंदी घातली. परंतु जी ॲपे त्या दुकानाबाहेरून, एखाद्या संदेशातील दुव्यावरून फोनमध्ये शिरतात, त्यांना ना रिझर्व्ह बँकेचे भय ना गूगलचे. ‘माझ्याजवळ लपविण्यासारखे आहेच काय’, असे म्हणणाऱ्यांनी येथे क्षणभर थांबावे. आपल्या फोनमधील यादी आपली नसते. तिच्यात ज्यांची नावे आहेत त्यांनी आपल्यावर टाकलेल्या विश्वासाची ती अनामत असते, आणि ती परस्पर देऊन टाकण्याचा अखत्यार आपल्याला कोणी दिलेला नाही.

सावकारीचा विषय निघाला म्हणून महाराष्ट्राच्या इतिहासातील एका कायद्याचे स्मरण येथे उद्‌बोधक ठरेल. १८७५ साली पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील शेतकऱ्यांनी सावकारांची रोखेखते हिसकावून जाळली. चौकशी झाली तेव्हा उघड झाले, की निरक्षर कुणब्याचा अंगठा ज्या कागदावर घेतला जाई त्यात काय लिहिले आहे हे त्याला बहुधा ठाऊकच नसे. त्यावेळी सरकारला ‘शेतकऱ्यांनो, अंगठा जपून द्या’ असा जाहीरनामा काढून मोकळे होता आले असते. १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्याने तसे केले नाही. शेतकऱ्याचे खत गावच्या निबंधकापुढे लिहिले गेले पाहिजे, फेडीची पावती आणि हिशेबाचा उतारा सावकाराने दिला पाहिजे, असे बंधन त्याने घालून दिले. म्हणजे जो बलवान आणि साक्षर पक्ष होता त्याच्या गळ्यात जबाबदारी बांधली. हा कायदा पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या जिल्ह्यांसाठी झाला. आपला भंडारा तेव्हा मध्य प्रांतात होता आणि येथे मालगुजारीचा अंमल होता. त्या कायद्याने सावकारी संपली नाही, आणि त्याच्या उणिवांवर पुढे पुष्कळ लिहिलेही गेले. तथापि त्यामागील न्यायबुद्धी आजही शिळी झालेली नाही. मोबाइलच्या पडद्यावर इंग्रजीतील अटींची दहा पाने आणि त्यांखाली ‘मान्य आहे’ हे एकच बटण, हा कोऱ्या कागदावरच्या अंगठ्याचाच नवा अवतार आहे. आणि त्यावर उपायही देणाऱ्याला उपदेश करण्याचा नव्हे, घेणाऱ्याला बांधून घालण्याचाच असला पाहिजे.

सुदैवाने असा उपाय कागदावर आला आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने पुट्टस्वामी प्रकरणात खाजगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्णय एकमताने दिला, आणि त्यानंतर सहा वर्षांनी, ऑगस्ट २०२३ मध्ये, संसदेने डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा संमत केला. त्याच्या सहाव्या कलमात दिलेले एक उदाहरण प्रत्येक ॲपधारकाने पाठ करावे असे आहे: दूरस्थ वैद्यकीय सल्ला देणारे ॲप रुग्णाकडे उपचारासाठी माहिती आणि फोनमधील क्रमांकांची यादी अशा दोन्हींसाठी संमती मागते, रुग्ण दोन्हींना होकार देतो, तरीही उपचाराला त्या यादीची गरज नसल्याने रुग्णाचा होकार उपचारापुरताच मानला जाईल. सातव्या कलमातील उदाहरणही असेच बोलके आहे: औषधाच्या दुकानात गिऱ्हाईक पैसे भरल्याची पोच मोबाइलवर मागते आणि त्यासाठी क्रमांक देते, दुकानदाराने तो पोच पाठविण्यासाठी वापरावा. कायद्याचा अर्थ स्पष्ट आहे, की हेतू आधी आणि क्रमांक नंतर. संमतीची विचारणा इंग्रजीखेरीज राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत वाचण्याची सोय दिली पाहिजे, म्हणजे मराठीतही. आणि संमती देणे जितके सोपे तितकेच ती मागे घेणेही सोपे असले पाहिजे, हे त्यातील दुसरे मोलाचे बंधन.

या कायद्याची स्तुती मात्र हातचे राखूनच करावी लागते. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि माहिती घेणाऱ्यांवरील मुख्य कर्तव्ये त्यानंतर अठरा महिन्यांनी अमलात येतील अशी तजवीज आहे. दंडाची कमाल मर्यादा अडीचशे कोटी रुपयांची असली, तरी तो दंड सरकारी तिजोरीत जातो. ज्याचा क्रमांक फुटला त्याला त्यातून भरपाई नाही. सरकारी यंत्रणांना यातून सूट देण्याचे अधिकारही केंद्राने आपल्याकडे राखले आहेत, आणि ग्रामीण महाराष्ट्रात माणसाचा क्रमांक सर्वांत जास्त वेळा मागणारा पक्ष सरकारच आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या सवलतीचे गांभीर्य कळते. दुकानांच्या बाबतीत केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने मे २०२३ मध्येच व्यापाऱ्यांच्या संघटनांना कळविले होते, की बिल करण्यासाठी गिऱ्हाइकाला क्रमांकाची सक्ती करणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. ही सूचना गल्ल्यावर बसणाऱ्या किती जणांच्या कानी गेली, हे कोणत्याही बाजारपेठेत एक फेरी मारली म्हणजे समजेल.

‘क्रमांक घेतला नाही, तर खोट्या माणसांना अडवायचे कसे?’ असे ॲपचालक विचारतात. प्रश्न योग्य आहे. पण एकदा खात्री करून घेणे हे एक काम आहे आणि तो क्रमांक कायमचा दप्तरी ठेवून त्याचा व्यापार करणे हे निराळे. आधारच्या बाबतीत सरकारने स्वतःच हा विवेक दाखविला आहे: २०१८ पासून आधार क्रमांकाऐवजी सोळा अंकी आभासी क्रमांक देता येतो, आणि शेवटचे चारच अंक दाखविणारे आधारपत्रही उतरवून घेता येते. टॅक्सी आणि खाद्यपदार्थ घरपोच देणाऱ्या मोठ्या सेवांत चालक व गिऱ्हाईक यांचे बोलणे मधल्या क्रमांकावरून जोडून देण्याची पद्धत आहे. सिग्नल या संदेशसेवेने फेब्रुवारी २०२४ पासून क्रमांक न दाखविता केवळ टोपणनावाने संवाद करण्याची सोय दिली. तेव्हा तंत्राची अडचण नाही, इच्छेची आहे. आधारासारखाच मोबाइलचाही पर्यायी क्रमांक प्रत्येक ग्राहकाला टेलिफोन कंपनीकडून विनामूल्य मिळावा, असा आग्रह दूरसंचार नियामकाकडे धरायला काय हरकत आहे?

तोवर आपल्या हाती जे आहे ते थोडके असले, तरी करण्याजोगे आहे. ॲप उघडताना ई-मेलने प्रवेशाची वाट असेल तर ती घ्यावी. फोनमधील यादी मागितली तर नकार द्यावा. पैसे घेण्यासाठी क्रमांकावरून बनलेल्या यूपीआय पत्त्याऐवजी नावाचा पत्ता काढून घ्यावा. व्हॉट्सॲपला सहा अंकी पिन लावावा. आणि सिम सोडण्यापूर्वी बँक व आधार या दोन ठिकाणी नवा क्रमांक नोंदवावा. परवडत असेल तर घरात एक दुय्यम सिम ठेवावे, मात्र ते आपल्याच कागदपत्रांवर असावे; दुसऱ्याच्या नावाने किंवा फसवणुकीने सिम मिळविणे २०२३ च्या दूरसंचार कायद्याने तीन वर्षांपर्यंतच्या कैदेस पात्र ठरविले आहे. आपल्या नावावर किती सिम चालू आहेत हे केंद्र सरकारच्या ‘संचार साथी’वर पाहता येते, जाहिरातींचा जाच १९०९ वर थांबविता येतो, आणि पैसे गेलेच तर एक घटकाही न दवडता १९३० वर तक्रार नोंदविली पाहिजे.

परंतु ही यादी कितीही लांबविली, तरी तिने मूळ अन्याय फिटत नाही, कारण ज्याने काही चुकीचे मागितले नाही त्यालाच ती कामाला लावते. म्हणून काही अपेक्षा जिल्हा प्रशासनाकडूनच केल्या पाहिजेत, आणि त्यांपैकी एकीलाही दिल्लीच्या मंजुरीची गरज नाही. भंडाऱ्यापासून तुमसर-साकोलीपर्यंतच्या प्रत्येक सेतू केंद्रात मराठीत फलक लावावा, की अर्जावर अर्जदाराचाच क्रमांक लिहिला जाईल, आणि त्याच्याजवळ फोन नसेल तर तशी नोंद होईल, केंद्रचालकाचा क्रमांक घातला जाणार नाही. धानाच्या हंगामाआधी एकदा गावोगावी शिबिर भरवून बँकेला आणि आधाराला जोडलेले क्रमांक खातेदारांसमक्ष तपासावेत. लाभार्थ्यांच्या याद्या चावडीवर लावताना किंवा गावाच्या व्हॉट्सॲप गटात टाकताना क्रमांकाचा रकाना गाळावा. ज्या योजनेत फोन नाही म्हणून माणूस अडतो, तिथे पटवाऱ्यासमोर किंवा बँकेच्या शाखेत ओळख पटविण्याचा जुना मार्ग खुला राहावा. आणि दुकानदारांच्या संघटनांनी, ग्राहक विभागाच्या त्या सूचनेला मान देऊन, गल्ल्यावर बसणाऱ्याला एवढेच शिकवावे, की क्रमांक हवा असेल तर कशासाठी ते सांग, आणि गिऱ्हाईक नाही म्हणाले तर बिल कर.

कारण विचारणे हा उद्धटपणा आहे, अशी एक समजूत आपल्या खेड्यांत खोल रुजली आहे. साहेबाने, दुकानदाराने किंवा यंत्राने मागितले की द्यावे, ही मालगुजारीच्या काळापासून चालत आलेली लीनता आहे. जमिनीची मालगुजारी कायद्याने केव्हाच संपुष्टात आली. मनातली अजून पुरती गेलेली नाही. ‘माझा क्रमांक तुम्हाला कशासाठी हवा?’ हे वाक्य खरेदी केंद्रावर, दुकानात आणि ॲपच्या पडद्यापुढे सारख्याच शांतपणे उच्चारणारा शेतकरी आणि त्याला सरळ उत्तर देणे आपले कर्तव्य मानणारा कारकून, हे दोघे ज्या दिवशी समोरासमोर उभे राहतील, त्या दिवशी २०२३ चा कायदा राजपत्रातून भंडारा जिल्ह्यात आला असे म्हणता येईल.